चौथी लाइन

तेहतीस केव्हीच्या सबस्टेशनात रात्रपाळीला मी एकटा.
बाहेर ट्रान्सफॉर्मरचं एकसुरी घूंऽऽ,
आत लॉगशीट, डुगडुगता पंखा,
आणि मोबाइलमध्ये वीस जण
जे जगात कुठेच जन्मले नाहीत.

लीग बर्फावरच्या हॉकीची, सगळी कॉम्प्युटरच्या पोटातली.
तिथे कोणी खेळत नाही. आकडे आकड्यांवर आदळतात
आणि सकाळी स्कोअर येतो.
माझी टीम केशोरी सारस.
कमिशनर कुठल्याशा थंड गावचा, त्यानं एकदा विचारलं,
केशोरी म्हणजे काय?
मी लिहिलं, मिरची.

बर्फ मी पाहिला तो मासळी सोसायटीच्या पेट्यांतला,
भुसा लागलेला, रोहूच्या डोळ्याला चिकटलेला.
तरी मला ठाऊक आहे
पेत्री लाहतेला डाव्या विंगला नीट चालतो, उजवीकडे ढेपाळतो,
ओस्टर भांडखोर, त्याला शांत जोडीदार द्यावा लागतो,
आणि योनास व्रबेल, वय छत्तीस, वेग बेचाळीस,
याला आता बसवायला पाहिजे.

दर बुधवारी पहाटे साडेतीनच्या आत यादी द्यायची.
चार लाइनी, बचावाच्या तीन जोड्या, गोलकीपर.
नाही दिली तर मागच्या आठवड्याचीच उतरते,
कोणी जखमी असो की थकलेला असो.

तिकडे चार लाइनी, इकडे चार फीडर:
गावठाण, राइस मिल, पाणीपुरवठा,
अन् चौथा शेतीचा, तलावाच्या कडेनं गेलेला,
बगळा बसला तरी ट्रिप होणारा.
मला कोणी नावानं हाक मारत नाही.
ऑफिसचा फोन उचलला की,
"लाइन कवा येते जी?"

काल दोन वाजून दहा मिनिटांनी चौथा पडला.
माझा अंगठा व्रबेलच्या नावावर होता,
त्याच्या जागी एकोणीस वर्षांचं एक पोरगं आणणार होतो,
सोन्यासारखे आकडे.
तेवढ्यात मोबाइलवर इस्तारी मडावी:
बुढ्या मोहाजवळ जंपर गेला. परमिट द्या, चढतो.

परमिट दिलं की हात मांडीवर ठेवायचे.
हा नियम कुठे छापलेला नाही.
ब्रेकर बंद, त्याला कुलूप, चावी माझ्या खिशात,
आणि अकरा किलोमीटरवर अंधारात एक माणूस खांबावर,
ज्याचा वेग कोणी मोजून ठेवलेला नाही.
उजवा गुडघा त्याला साथ देत नाही,
हे फक्त त्याच्या बायकोला अन् मला माहीत.

मोबाइल त्याच्यासाठी मोकळा ठेवला.
ऑफिसच्या फोनवर तेरा कॉल.
"झोपले काय जी?"
रहांगडाले गुरुजींनी तर मिनिटांचा हिशेब मागितला,
उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी अर्ध्यावर थांबलेलं.
मी म्हणालो, माणूस वर आहे.
त्यावर सगळेच गप्प होतात.
एवढं बरं आहे आमच्याकडे.

तीन वीस. तीन पंचवीस.
तीन सत्तावीसला वाटलं, दोन बोटांचं तर काम.
नाही केलं.
साडेतीन वाजले तेव्हा काहीच वाजलं नाही.

तीन छत्तीसला इस्तारी: उतरलो. परमिट परत घ्या.
आवाजात मुंग्या चावल्याची चिडचिड होती,
ती ऐकून मला इतकं बरं वाटलं
की चावी कुलपात उलटी घातली.
मग ब्रेकर दिला,
चौथ्याची सुई थरथरली, चाळीस अँपिअरवर उभी राहिली.
ऑफिसचा फोन एकदाही वाजला नाही.
लाइन आली हे सांगायला कोणी फोन करत नसतं.

सकाळी स्कोअर: सारस एक, समोरचे पाच.
ओस्टर भांडून दोनदा बाहेर बसला.
एकुलता गोल चौथ्या लाइनचा,
व्रबेल, एकोणसाठाव्या मिनिटाला,
जेव्हा त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.
मला भरून वगैरे आलं नाही. आकडे आहेत, कधी लागतात.

खाली कमिशनरचा निरोप:
लाइनी का पाठवल्या नाहीत?
चहा निवेपर्यंत मी इंग्रजी जुळवत बसलो.
मग लिहिलं,
पाठवली. एकच. तीन अडतीसला.