सोळा तारखेची दोरी

चौदाला आम्हीच कापले होते एकोणीस पतंग
दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून,
घसा बसेस्तोवर ओरडलो होतो, काप्यो छे!
पंधराला वासी उत्तरायण,
उरलेलं उंधियु, उरलेला वारा.
आणि सोळाला सकाळी सातला
तीच सगळी टोळी, हातात बांबू घेऊन
कडुनिंबाखाली माना वर करून उभी.
सुट्टी अजून दोन दिवस होती.

मुर्तझाने बांबूच्या टोकाला आकडा बांधलेला.
झंखनाने वडिलांच्या दुकानातला काटा उचलून आणलेला:
किलोवर मोजू, म्हणाली,
मोजल्याशिवाय या गावात कुणाला काही पटत नाही.
माझ्याकडे आईची कापडी पिशवी,
तळाशी हळदीकुंकवातून उरलेला
एक तिळाचा लाडू, कागदात गुंडाळलेला.

झाडावरची दोरी दिसत नाही.
आधी ऊन दिसतं, मग उन्हात एक रेघ,
मग रेघेला लोंबणारं काहीतरी.
बहुतेक वेळा नुसत्या कामट्या.
दोनदा कबूतर.
कबुतरांना आमची गरज राहिली नव्हती.

विश्वामित्रीच्या काठी, बाभळीवर,
एक शराटी उलटी टांगलेली,
जिवंत.
खाली पाण्यात मगर,
ओंडक्यासारखी, कसलीच घाई नसल्यासारखी.
अन्वय म्हणाला, मी चढतो.
आम्ही कुणीच नको म्हणालो नाही.
हे मला रात्री आठवलं.

पंखात रुतलेली दोरी गुलाबी होती.
माझी फिरकी गुलाबी.
अख्ख्या बडोद्यात निम्म्या फिरक्या गुलाबीच असतात,
असं मी स्वतःला सांगत राहिले
पूल ओलांडून दवाखान्याच्या तंबूपर्यंत,
स्कूटरवर मागे बसून, मांडीवर खोकं,
खोक्यावर छापलेलं: नाजूक माल, ही बाजू वर.

तीन टाके.
उडेल ना?
बघू, म्हणाल्या डॉक्टरबाई,
आणि पुढच्या खोक्याकडे वळल्या.
पुढे अजून बरीच खोकी होती.

दुपारी रावपुऱ्याच्या फुटपाथवर
इरशादचाचा सामान बांधत होते.
बरेलीहून येतात, दोन खांबांमध्ये दोरी ताणून
महिनाभर येरझारा घालतात,
काचेची लुगदी बोटांच्या चिमटीतून चढवत.
मुर्तझा भांडायला गेला होता.
अख्खं भाषण पाठ होतं त्याचं, आम्हाला दोनदा ऐकवलेलं.
चाचांनी हात पुढे केला, पाण्याच्या बाटलीसाठी.
बोटाबोटाला चिंधी.
एक चिंधी सुटलेली, आणि तिच्याखाली तेच,
शराटीच्या पंखाला होतं तसंच,
बारीक, सरळ, आत गेलेलं.

मुर्तझा बाटलीचं झाकण उघडत राहिला,
ते केव्हाच उघडलं होतं.
झंखनाने पक्ष्यांच्या डब्यातली पट्टी काढली,
पक्ष्यांचंच मलम.
कुणी काही बोलावं म्हणून
मी लाडू पुढे केला,
तिळगूळ घ्या, इतकं म्हटलं,
पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात.
चाचांनी लाडवाचे पाच तुकडे केले,
सगळ्यात लहान स्वतःला ठेवला.
इस बार गुलाबी खूब बिका, म्हणाले.
अगले साल फिर आएँगे.

संध्याकाळी काट्यावर गुंता चढवला:
चार किलो सातशे.
फोटो काढले. अन्वयच्या कोपरावर बाभळीचे ओरखडे,
ते त्याने मुद्दाम फोटोत येऊ दिले.
मग चौकात दोरी जाळली,
आणि जळक्या नायलॉनच्या वासाने
समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

रात्री दहाला तंबूतून निरोप:
शराटीने दोन मासे खाल्ले.
उभी आहे. उडालेली नाही.

मी कपाट उघडलं.
फिरकी तशीच, अर्ध्याहून जास्त भरलेली.
हातावर तोलून पाहिली.
ही आम्ही वजनात धरली नव्हती.