तीनच सामने झालेत

नंदगडच्या बाजारात, चहाच्या गाड्यामागं
टेम्पोच्या फाळक्यावर बसून आम्ही संघाचा निकाल लावतोय.
तीनच सामने झालेत,
खरं मष्णूमामांचा हंगाम संपलाय.

"डावा कोपरा उघडा पडूलालाय,"
चहात बुडवलेल्या बोटानं ते फाळक्यावर मैदान आखतात.
"रवळूची चढाई चांगली की,
खरं बोनसच्या रेघेपाशी पाय कचरतोय.
गुडघा गेल्या वर्षाचं विसरला नाही."

बिडीला हरलो, पाच गुणांनी.
फलक कन्नडात, शिव्या मराठीत,
पंचाला दोन्ही कळत होतं, तेच वाईट.
कित्तूरशी बरोबरी. ती मी धरत नाही.
जिंकलो तो एकच,
तेव्हा समोरचे सहाच जण आलेले,
सातव्याच्या घरी बारसं.

बसाप्पा कंडक्टर म्हणतो, "नोडोण."
म्हणजे बघूया.
गेली अकरा वर्षं तो तेवढंच म्हणतोय.

एवढ्यात रवळूच आला,
खांद्यावर पिशवी,
लंगडत नाही असं चालत.
मामांनी तळव्यानं मैदान पुसलं.
"ह्याला एक चहा दे रे, दूध जास्त घाल.
रविवारी सामना कुठं म्हणालास?"

जसं काय आम्हाला ठाऊकच नव्हतं.