दुधातला दात

दुसऱ्या हाफच्या अकराव्या मिनिटाला, दिवाडीच्या मैदानावर,
जॉयवीनचं कोपर आणि दत्तेशचं तोंड
एकाच चेंडूसाठी वर उडालं.
चेंडू बाहेर गेला. दातही.

शिट्टी माझ्या तोंडातच राहिली.
गोलकीपर रडू लागला, ज्याला काहीच झालं नव्हतं,
आणि उरलेले गुडघ्यांवर बसून
गवत चाचपू लागले,
कुणाची तरी नथ हरवल्यासारखे.

सापडला तो जॉयवीनलाच.
"टीचर, एवढा लांब असतो आत?"
हो रे. बाहेर दिसतो तो थोडाच.

तीन वर्षांपूर्वी पर्वरीच्या प्रशिक्षणात
जेवणानंतरच्या तासाला मी पेंगत होते.
जाग आली ती एका वाक्यानं:
मुळाला हात लावू नका.
का, ते झोपेत गेलं.
वाक्य राहिलं,
दाढेत सुपारीचं खांड अडकून राहावं तसं.

कुंपणाशी सल्ले जमले.
एकीचं मीठ, दुसरीची लवंग.
"दांत बरो घांसून घे, बाय!"
शाणू आजोबा म्हणाले, कौलांवर फेक,
उंदीर नवा देईल.
आजोबा, पोर अकरा वर्षांचं आहे.
हा दुधाचा दात नव्हे.
उंदराकडचा साठा संपला.

कायतान तावेर्नातून फेणी घेऊन धावला.
दूध, कायतान. दूध!
संध्याकाळच्या चहासाठी ठेवलेलं पाव कप, थंड,
ते त्यानं फेणीच्याच पेल्यात ओतलं, पेला आधी विसळून.

मी दात चावायच्या बाजूनं धरला,
पाण्यात एकदा हलवला, माती गेली तेवढी गेली.
पुसला नाही. ओढणीच्या टोकाला लावला नाही.
तिथल्या तिथे खोबणीत बसवताही येतो म्हणे.
मला धीर झाला नाही.
हे सांगून ठेवते,
कारण तुम्हाला कदाचित होईल.

दत्तेशनं रुमाल चावून धरला,
स्कूटरवर आम्ही तिघं, मधे तो,
मागे जॉयवीन पेला घेऊन.
धक्क्यावर पोचलो तर फेरी नुकतीच सुटलेली.
जॉयवीननं पेला उंच केला.
खलाशानंही हात उंचावला,
त्याला वाटलं, मॅच जिंकली.

"दांत! दांत आसा हांतूंत!"

या फेरीनं वराती नेल्यात, म्हशी नेल्यात,
एकदा अख्खा पियानो.
मागे वळताना मी तिला
पहिल्यांदाच पाहिलं.

मांडवी त्या दिवशी फार रुंद होती.
दत्तेश काहीच बोलला नाही.
जॉयवीन बुटांच्या खिळ्यांवर उभा,
दोन्ही हातांत पेला,
लाटेबरोबर गुडघे वाकवत,
थेंब सांडू न देता.

रायबंदरला डॉक्टर प्रियोळकर
शटर ओढत होत्या.
आधी पोराकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग माझ्याकडे.
"मुळाला हात लावलात?"
नाही.
"किती वेळ झाला?"
एकोणचाळीस मिनिटं.
"मग आत या."
शटर पुन्हा वर गेलं.

तारेनं बांधला. दोन आठवडे पेज.
मग नस काढली. आता तो दात
शेजारच्यापेक्षा किंचित करडा आहे,
पावसाळ्यातल्या चुन्यासारखा.
टिकेल किती, डॉक्टर सांगत नाहीत.
माउथगार्डांसाठी केलेला माझा अर्ज
कार्यालयातून परत आला,
समासात पेन्सिलनं: शाळेत बॉक्सिंग शिकवता का?

तेरा मी स्वतःच आणले.
मुलं ते घालून एकमेकांना
माकडासारखी दाखवतात, तेवढं तरी घालतात.

दत्तेश कैरी आता बाजूच्या दातांनी खातो.
आणि जॉयवीन,
हेडरसाठी उडताना
दोन्ही कोपरं छातीशी घट्ट घेतो,
म्हणून उंची कमी पडते,
म्हणून चेंडू डोक्यावरून जातो.
या मोसमात तीन गोल हुकले.
मी त्याला काही म्हणत नाही.