नेल

शब्दकोशात तो 'के'पासून सुरू होतो
आणि 'के' म्हणायचाच नाही, असं शेजारी बारीक लिहिलेलं.
नेल.
मी मुद्रितं तपासतो, धंतोलीत, दुपारपाळीला.
सदरच्या चर्चच्या स्मरणिकेत हा एकच शब्द
मराठी करायचा राहिला होता.

मृत्युघंटा लिहून पाहिलं.
पण ती तर आपल्याकडे रोज वाजते,
गिरण्यांची, सरकारांची, शाळांची, अग्रलेखात.
तिच्यात कुणी मेलेलं नसतं.

शेवटी गेलो. मे महिना.
मेट्रोच्या खांबाची सावली खांबाएवढीच,
तिच्यात एक रिक्षा, एक कुत्रा, एक माठ.
हनोख मेश्राम घंटेखाली बसून
दोराची उसवलेली पेड वळत होता.

"काका, कोनी गेल्यावर वाजवता, त्याले काय म्हनता?"
"काई नाई म्हनत. दोर वढतो.
वयाइतके टोले.
तीन श्वास मोजाचे, मंग दुसरा."

टोला.
आमच्या गोंदियाकडे टोला म्हणजे
गावापासून तुटून वसलेली दहा-बारा घरं.
विटीलाही टोलाच बसतो.

कोशात मूळही होतं, ते त्याला सांगितलं:
पूर्वी अर्थ नुसता ठोकणं,
दारावर, धातूवर, कशावरही. मरण नंतर येऊन चिकटलं.
तेव्हा 'के' म्हणत असत.
पुढे जिभेनं तो सोडला, हातानं सोडला नाही.
हजेरीत नाव आहे,
ओ द्यायला कोणी नाही.

त्यानं पेड दाताखाली धरली, गाठ मारली.
"रूथच्या बारीले घोटाया झाला.
कागदावर अठ्ठावन. ते म्हने साठ,
लग्नाच्या टायमाले मायनं दोन कमी सांगतले.
पाद्रीसाहेब खाली उभे, हातात कागद.
अठ्ठावन झाले. दोर सोडला.
लोकं निंगाले फाटकाकडं.
मंग..."
पुढे बोलला नाही.
वर, घंटेच्या काळ्या पोटाकडे बघत
दोन बोटं दाखवली.

परतताना बस मिळाली नाही, चालत आलो.
कूलरपुढे प्रूफ फडफडत होतं,
त्यावर पेपरवेट म्हणून कोणीतरी संत्र्याच्या गोळ्यांची बरणी ठेवलेली.
रिकाम्या जागेत मी लिहिलं: नेल.
मग ल-वर एक टिंब दिलं.

संपादकांना ती छपाईची चूक वाटली. खोडलं.
मी पुन्हा दिलं.