निरंक

वाळूजहून निघताना डिकीत सहा नग,
थर्माकोलच्या खाचांत, अंड्यांसारखे.
तारेला लटकवायचे.
फॉल्टचा करंट अंगावरून गेला की लाल डोळा उघडतो
आणि लुकलुकत राहतो रात्रभर.
लुकलुकला, तर बिघाड पुढं आहे.
नाही, तर मागं.
एवढंच यंत्र. नगाला अकरा हजार चारशे,
जीएसटी वेगळा.

बाजार तेजीत आहे, असं आमचे पारखेसाहेब म्हणतात.
स्पर्धेत पुण्याचे दोघं,
आणि हैदराबादचा एक, जो पत्रा पातळ वापरतो
नि दर निविदेत एल-वन येतो.
"आपण डेमोवर मारायचं," साहेब म्हणतात.
म्हणून मी वलांडीच्या उपकेंद्रात,
ऑपरेटर बाईंनी दिलेला चहा पीत,
लॉगशीटवर बशी ठेवू नये हे उशिरा कळून.

खय्यूमभाईंनी काठीनं नग चढवले,
तीन तिसाव्या खांबावर, तीन साठाव्या.
खाली उतरून हात झटकले.
"सत्तावीस वर्सं झाली, आमी पायानं हुडकलालाव.
आता ह्यो दिवा हुडकनार?
हुडकू द्या की."

त्याच रात्री दोन दहाला ब्रेकर पडला.
जीपमधून आम्ही पाहिलं:
तिसावर लाल. साठावर लाल.
एकाहत्तराव्या खांबाखाली घुबड, अजून कोमट.
अठ्ठेचाळीस मिनिटांत लाईन चालू.
मी वेळ लिहून घेतली, फोटो काढला,
घुबडाचा नाही,
दिव्याचा.

सकाळी पारखेसाहेबांचा फोन:
त्या वायरमनकडं वही आहे म्हणे,
जुन्या फॉल्टची. मिळव. सॉफ्टवेअरला डेटा लागतो.

वही होती. लाल कापडी पाठीची, तेलकट.
खांब क्रमांक, तारीख, कारण.
१८, बाभळीची फांदी.
४१, वानर.
४१, वानर.
५२, पतंगाचा मांजा, संक्रांत.
९, पिन इन्सुलेटर फुटला.
४१, वानर. (ह्या जागी आंब्याचं झाड आहे, बाजूला कंसात.)
६३, मारुती.

"हेही वानरच ना?" मी विचारलं, टाईप करता करता.
"न्हाई."
ते लॉगशीटच्या कोपऱ्याकडं बघत होते.
"मारुती सोनकांबळे. आमचा हेल्पर होता. कंत्राटी."

तूर काढून झालेलं रान. जमीन वाळून खडंग.
तार तुटून पडली होती रात्रीच कधीतरी,
आणि ब्रेकर पडलाच नाही.
कोरड्या भुईतून करंट जातो तो थोडा.
फीडर चालू, दिवे चालू, लॉगशीट स्वच्छ.
मारुती सायकल लावून बांधानं आला.

"त्याच्या अंगातनं गेला तरी पडला न्हाई ब्रेकर.
मानूस म्हंजे करंट किती ओढनार, साहेब?
तुमच्या दिव्याचं सेटिंग किती?"

मी सांगितलं.
आकडा तोंडातून बाहेर येताना
मला पहिल्यांदाच ऐकू आला.

"मंग न्हाई लागनार," खय्यूमभाई म्हणाले,
रागानं नाही. एखादा माप सांगतो तसं.
आणि वही माझ्यापुढं सरकवली:
"घ्या, उतरून घ्या. हिथंच बसून.
न्यायची न्हाई."

लातूरला बिरादारसाहेबांनी छत्तीस नगांची शिफारस केली,
प्रायोगिक तत्त्वावर.
कागद भरायला मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो.
शेवटचं पान, विचलन पत्रक:
उपकरण जे करू शकत नाही, ते इथं नमूद करावं.
अकरा वर्षांत मी ह्या पानावर
एकच शब्द लिहीत आलोय.
साहेबांना फोन लावला. ते हसले.
"अरे, ते कुणाचंच यंत्र पकडत नाही.
हैदराबादवाला लिहितो का?"

लिहीत नाही.

मी लिहिलं: निरंक.
सही केली. शिक्का मारला.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

डेटाच्या फाईलमध्ये ६३ समोरचा रकाना
सॉफ्टवेअर घेत नव्हतं.
यादीतून एक कारण निवडा, म्हणत होतं:
पक्षी, प्राणी, झाड, वादळ, उपकरण, इतर.

औशाच्या पुढं अंधार पडला.
खांब मोजायची सवय नव्हती मला.