हरकती आणि सूचना

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली
चार टेबलं जोडून पसरलंय आमचं केटल बेंड,
वीस वर्षांनी मोठं झालेलं.
आई वाढत्या अंगाचा सदरा शिवते तसं:
बाह्या बोटांच्या खाली, खांदे दंडावर.
कोण भरून काढणार हे कापड?
गेल्या जनगणनेत आम्ही दोनशे सहाने घटलो.

मी नगर-कारकून. इतिवृत्त लिहिते.
हजेरी त्रेसष्ट. कॉफी दोन थर्मास. बाहेर उणे अकरा.

नियोजनकार कोरिन व्हॉसबर्ग
राजधानीहून बर्फातून गाडी हाकत आलीय,
टिकल्यांची पाकिटं घेऊन.
जिथे हवं तिथे हिरवी, नको तिथे लाल.
"प्रत्येकी पाच. विचार करून लावा."
बोलायला तीन मिनिटं.
मोजायला तिच्या घरचं, अंडी उकडायचं घड्याळ.

आर्विद कुउसेला उठतो.
"दोन हजार पंचेचाळीसमध्ये मी नसणार. हे आधी लिहा."
मी लिहिते.
"कागद गिरणीच्या जागी तुम्ही नदीकाठची बाग काढलीय.
एकतीस वर्षं त्या काठावर आम्ही बॉयलरची राख ओतली.
कुठे कुठे, ते मला माहीत आहे.
कुदळ मारण्याआधी विचारा.
म्हणजे, लवकर विचारा."
लोक हसतात. तो हसत नाही.
इतिवृत्तात: श्री. कुउसेला यांनी मातीच्या तपासणीची मागणी केली.

माय येर शिओंग बोलते पूर्ण तीन मिनिटं,
घड्याळ किणकिणेपर्यंत, हात हलवत.
मुलगी एका वाक्यात सांगते:
"आई म्हणते, तुम्ही रिकामा दाखवलेला तुकडा रिकामा नाही."
"आणि बाकीचं?" कोरिन विचारते.
"बाकीचं म्हणजे ती वाफ्यांची नावं घेत होती.
कुठल्या वाफ्यात काय, आणि ते बी कुणी दिलं."

लॉर्ना टेब्यू नकाशावर बोट ठेवते:
"ही तुटक रेघ माझ्या स्वयंपाकघरातून जाते."
फक्त प्रस्तावित आहे, कोरिन म्हणते, म्हणूनच तुटक.
"मग मधल्या फटीत मी राहू शकते का?
टेबल लहान आहे माझं."

डेल ओस्टरहाउस माइक हातात घेत नाही, त्याला गरज नसते.
"वीस वर्षांचं राहू द्या.
आमच्या गल्लीतला बर्फ मंगळवारपासून तसाच पडलाय."
टाळ्या.
त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

मग माणसं नकाशाभोवती वाकतात,
लग्नात अल्बमभोवती वाकावीत तशी:
हे बघ आपलं घर, आणि ही तुझी शाळा,
अरे, इथे तर तो बर्फावर मासे धरायचा ना!
हिरव्या टिकल्या बेकरीवर. बेकरी बंद होऊन सहा वर्षं झाली.

सगळे गेल्यावर मी मोजायला बसते.
दोनशे सत्त्याण्णव टिकल्या.
दफनभूमीची वाढीव जागा, आखलेली, फिकट करडी,
सगळ्या आराखड्यात खात्रीने भरणारी एवढीच.
तिच्यावर एक लाल टिकली.
नखाने हळूच उचलून बघते.
कागद तिच्याबरोबर येऊ लागतो, म्हणून सोडून देते.
लिहिते: हरकत, एक. नाव दिलेलं नाही.

मला टिकल्या नव्हत्या. कर्मचाऱ्यांना देत नाहीत.

वाहनतळात कोरिनची गाडी रुतलीय,
चाकं जागच्या जागी रडतायत.
आर्विद खिडकीतून चाक कुठे वळवायचं ते ओरडून सांगतोय,
माय येरची मुलगी राखेची बादली घेऊन पळत येतेय,
लॉर्नाने हातमोजे काढून कुणाला तरी दिलेत,
आणि डेल फावड्याने बर्फ उपसताना
मला बघून थांबतो:
"हे पण लिही."

नियमाने लिहिता येत नाही.
सभा आठ वीसला संपली होती.