समुद्रसपाटीपासून

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय:
समुद्रसपाटीपासून उंची, अमुक मीटर.
तो समुद्र मी पाहिलेला नाही.
दुसरा पाहिलाय,
सेमिनरी हिल्सच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
सागवानी पेट्यांत आडवा निजवलेला,
पेटी एक ते पेटी दोनशे बारा.

आम्लाचा एक थेंब टाकायचा.
फसफसला की चुना. चुना म्हणजे शिंपले, बहुतेक.
वाळू जाड झाली, पाणी उतरलं.
चिखल बारीक झाला, पाणी चढलं.
वैरागडे मॅडम अंगठ्याच्या नखानं वाचतात
आणि मी रेघ नेतो डावीकडे, उजवीकडे.
बाहेर सेहेचाळीस अंश.

ट्रेसिंग पेपर तीन:
अरियालूरचा आमचा, एक फ्रान्सचा, एक मिसरहून आलेला.
काचेखाली दिवा लावून एकावर एक ठेवले.
मिसर जुळेना.
मी कागद बोटभर सरकवला. जुळलं!
"बोटभर म्हणजे किती, देवरावजी?"
पट्टी लावली. आठ लाख वर्षं.
"इतकं सरकवलं तर कोणाचेही छत्तीस गुण जुळतात.
माझेही जुळले होते."
आणि कागद होता तिथे परत नेला.

पेटी एकशे एक्केचाळीस.
खाली राखाडी चिखल, वर लगेच लाल वाळू,
मधे सुरीचं पातं जाणार नाही
आणि तीस लाख वर्षं गायब.
साचलीच नाहीत, की साचून धुपली,
दगड सांगत नाही.
अशा जागी नागमोडी रेघ काढायची असते,
आमच्या नागनदीसारखी.
पाणी नव्हतं, तिथेच नेमकी लाट काढतो आम्ही.

मिसरच्या रकान्यात मॅडमनी प्रश्नचिन्ह घातलं.
"राहू द्या बाप्पा. अहवाल आहे, लग्नपत्रिका नाही."

संध्याकाळी घरी कुलरची टाकी घासायला घेतली.
आतल्या पत्र्यावर क्षारांच्या पांढऱ्या रेघा,
भरलं, ओसरलं, भरलं,
जाड रेघ, जिथे पाणी जास्त दिवस थांबलं.
घासणं सोडून मोजत बसलो.
मधले नऊ दिवस कुठेच नाहीत.
काटोलला होतो तेव्हा, साळ्याच्या लग्नात.

उमरेडकरांच्या टाकीत असतील ते.
"काऊन जी, कुठं चालले?" बायकोनं विचारलं.
ब्रश हातात तसाच,
मी कुंपणापाशी पोचलो होतो.